लागू नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई आली! दोन बॅगा — एकीत कपडे, दुसरीत नुसते कागद. महिनाभर राहणार. सरकारी कामात यंत्रानं माणसांबद्दल काय ठरवावं आणि काय ठरवू नये, हे बघणारा नवा आयोग नेमतायत. अध्यक्षपदासाठी शेवटी दोनच नावं उरलीत, त्यातलं एक तिचं. मुलाखत चोवीसला. तोवर इथल्या कार्यालयात जुन्या तक्रारी वाचणार.

"तुझं टेबल घेते गं," म्हणाली. घेतलंच होतं! माझी तपासायची मुद्रितं स्वयंपाकघरात.

५ फेब्रुवारी

चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत होती. देशाचे कायदे हिच्या हातात!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा विसरली, म्हणून द्यायला गेले आणि काचेआड बसून राहिले. समोर चार इंजिनियर. तिनं एकाच्या हातात अर्ज नाकारल्याचं पत्र दिलं. "वाचा. मोठ्यानं. आणि जिथे 'अर्जदार' आहे तिथे तुमच्या वडिलांचं नाव घाला."

तिसऱ्या ओळीत तो अडखळला.

"हं. आता ते वाक्य बदला."

बस. ना आवाज चढला, ना भाषण. मला मेलीला उगाच भरून आलं.

शिपाईकाका चहा ठेवताना म्हणाले, "तुमच्या ताईंना इथे का-बाई म्हणतात."

"का?"

"घ्या! तुम्हीपण त्यातल्याच."

९ फेब्रुवारी, रविवार

ती झोपलीय दुपारची, तोंड उघडं टाकून. मी बघतेय. आधी गणिताची शिक्षिका. मग संगणक. मग चाळिशीत कायद्याची परीक्षा, विशीतल्या पोरांशेजारी बाकावर बसून. "यंत्र काय करतं ते कळत होतं. त्याला आवरायचं कुणी, ते कळत नव्हतं," असं सांगते.

तिचं नाव झालं ते दहा वर्षांपूर्वी. एकट्यादुकट्या आजारी माणसांकडे सरकारी मदतनीस पाठवायची योजना. मदतनीस थोडे, अर्ज ढीगभर, म्हणून क्रम यंत्र लावणार. त्याचे नियम ताईनं केले. यंत्रानं एकट्यानं कुणाला नाही म्हणायचं नाही. खाली ढकललं तर कारण लिहून कळवायचं. आणि अर्जात एकही रकाना रिकामा राहता कामा नये — कारण रिकाम्या जागा मागाहून कुणीतरी आपल्या सोयीनं भरायचं. आजही ते नियम इतर ठिकाणी जसेच्या तसे उचलतात.

मी बावीस वर्षं इतरांची वाक्यं दुरुस्त करतेय. हेवा वाटतो का? थोडा. अभिमान जास्त.

११ फेब्रुवारी

एका म्हाताऱ्या शिंप्याचं पत्र ताईनं जेवताना वाचून दाखवलं. आठवेल तसं उतरवते —

"तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं की घरी काळजी घेणारी व्यक्ती असल्यामुळे आपला क्रमांक खाली गेला आहे. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. सदर व्यक्ती आपल्या ओळखीची असल्यास तिला एकदा माझ्याकडे पाठवावी. मी दाराला कडी लावत नाही."

आम्ही दोघी हसलो. मग ताईचं हसू थांबलं. घास तसाच ताटात ठेवून उठली, त्याचा मूळ अर्ज काढायला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. देवा!

अर्जात रकाना आहे — 'घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव'. ज्यांना कुणीच नाही ते काय लिहिणार? रिकामं सोडायचं नाही, म्हणून अर्जावरच्या सूचनेप्रमाणे लिहिलं — 'लागू नाही'. यंत्राला एवढंच शिकवलेलं की रकान्यात नाव असलं तर घरी माणूस आहे. आणि हे नाव खरं आहे का, हे ते आडनावांच्या यादीवरून पडताळायचं. 'लागू' हे आडनाव यादीत आहे!

चार हजार एकशे बारा घरांत 'लागू नाही' नावाची कुणीतरी दहा वर्षं सेवा करतेय. जो सगळ्यांत एकटा, तोच सगळ्यांत खाली.

नवरा म्हणाला, "बाई फारच कामसू दिसतेय." कुणीच हसलं नाही. बिचारा पाणी प्यायला निघून गेला.

ताई खिडकीशी उभी. "त्यांना कारण लिहून कळवलं जात होतं गं. माझ्याच नियमानं. नीट, सही-शिक्क्यानिशी — खोटं कारण."

१५ फेब्रुवारी

विभागाच्या सचिवांचा फोन. ताईनं स्पीकरवर ठेवलेला, हात कणकेत होते. "मॅडम, यादी आम्ही गुपचूप दुरुस्त करतो. मुलाखत होऊन जाऊ दे. नंतर सावकाश जाहीर करू. आत्ता बोललात तर खुर्ची गेली समजा."

"यादी आजच दुरुस्त करा. गुपचूप नको. त्या माणसांना कळायला हवं, चूक त्यांची नव्हती."

"पण मॅडम, का?"

"हा प्रश्न माझा आहे," ताई म्हणाली आणि कोपरानं फोन बंद केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भांडलो. खूप दिवसांनी, लहानपणीसारखं.

मी म्हटलं, "तू अध्यक्ष झालीस तर असे शंभर घोळ थांबवशील. एका शब्दापायी सगळं घालवू नकोस."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी चूक लपवली, तर त्याला काय तोंडानं विचारू?"

"चूक यंत्र बनवणाऱ्यांची आहे!"

"त्यांचीही आहे. पण शब्द माझ्या नियमातला आहे."

"फार मोठी लागून गेलीस!"

"तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी," म्हणाली. मी उठले. दार आपटलं. शेहेचाळीस वर्षांची बाई मी!

२४ फेब्रुवारी

मुलाखत. आत गेल्या गेल्या तिनं आधी शिंप्याचं पत्र वाचलं म्हणे. मग सांगितलं — हे माझ्या नियमामुळे झालं, आता प्रश्न विचारा. अकरा मिनिटांत बाहेर.

घरी येऊन भाताचं पातेलं पुसून जेवली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच जमलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्याचं नाव जाहीर झालं. पेपरात ताईचा फोटो, खाली — 'नियम करणाऱ्या बाईंचीच चूक'. ताईनं बातमी वाचून एक ऱ्हस्व-दीर्घ मला दाखवला. "बघ, तुझ्या कामाचं."

शिंप्याकडे आजपासून मदतनीस जाते. ताई हे तीनदा सांगून झालीय.

२ मार्च, रविवार

ताई सकाळी गेली. तिनं टेबलावर ठेवून दिलेले जुने कागद आवरत होते. त्या अर्जाचा पहिला मसुदा निघाला. तेव्हा भाषा तपासायला तिनं माझ्याकडे पाठवला होता, हे आठवत होतं. शब्द आठवत नव्हते.

ताईनं लिहिलेलं — 'कुणी नसल्यास आडवी रेघ मारावी.' रेघ यंत्रानं नाव म्हणून कधीच धरली नसती.

ती ओळ खोडलीय. समासात माझं अक्षर — 'रेघ नको गं. माणूसच खोडल्यासारखं वाटतं. "लागू नाही" असं लिहू दे.'

फोन केला. समासातलं वाचून दाखवलं. मग — "तुझा हेतू चांगला होता. आणि सही तर माझीच होती ना? फाडून टाक तो कागद."

फाडला नाही. पेपरच्या संपादकांना पत्र लिहितेय.