शेवंतीकाकीचा फणस आणि सरकारची ऐंशी टेबलं

मु. घाटकोपर (मुलुंड नव्हे. का, ते खाली येईल)
मंगळवार

तीर्थस्वरूप शेवंतीकाकीस,

नितेशचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप, ह्यावरून गुरुजींनी मला दोन्ही बाजूंनी मारलं होतं, म्हणून हाताला आलं ते लिहिलंय. मान पूर्ण आहे असं धर.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहेस? म्हैस दुधाला बरी आहे ना? मी इकडे जेवून-खाऊन ठणठणीत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरो आसंस मां?" विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत बॅटरी संपेल म्हणून ठेवून देतेस. पत्राला बॅटरी नसते. सगळं वाच, आणि वाचून होईपर्यंत मला शिव्या घालू नको.

पहिली गोष्ट, मी कामावरून निघालो. काढलं नाही, निघालो. गावात कोणी विचारलं तर हाच शब्द वापर. हे माझं पाचवं काम, माझ्या पायाला भिंगरी आहे, मी सातवीच्या पुढे एका जागी बसलो नाही, हे सगळं तू म्हणणार ते मला पाठ आहे. पण ह्या वेळी भिंगरीचा काही संबंध नाही. ह्या वेळी संबंध तुझ्या फणसाचा आहे.

झालं असं की शरच्चंद्र शेठच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे मुलुंडला डोंगराच्या बाजूची पत्र्याची शेड, मी पोटमाळ्यावर झोपायचो) एका सरकारी वसतिगृहाच्या ऐंशी टेबलांचं टेंडर आलं. त्यात एक अट होती. ज्याचं लाकूड आपल्याच भागात, आपल्याच शेतकऱ्याच्या बांधावर वाढलेलं आणि रीतसर तोडलेलं असेल, त्याचा भाव जरा चढा असला तरी ऑर्डर त्याला. मला अट एकदम झकास वाटली. बाहेरचं लाकूड जहाजात बसून येतं आणि आपला ऐन, किंजळ, फणस बांधावर कुजतो, हे मी पहिल्यापासून बोलतोय (चहाच्या टपरीवर, पण बोलतोय). भानगड एवढीच की शेठकडचं सगळं लाकूड जहाजातलंच होतं. मग 'आपला भाग' म्हणजे कुठपर्यंत, ह्यावर शेडमध्ये दोन दिवस वाद झाला. कोणीतरी म्हणालं, मग आरेचं जंगल काय वाईट आहे, हाकेच्या अंतरावर आहे. त्यावर आमचा सम्यक (पॉलिशवाला, घाटकोपरचा, मिळेल ते वाचतो) म्हणाला की तिथलं पान उचललंस तरी अर्धी मुंबई पाट्या घेऊन उभी राहील आणि पहिली पाटी माझ्या हातात असेल. विषय संपला.

आता माझी चूक. ह्या पत्रात मी एकच चूक मान्य करणार आहे, तेव्हा नीट बघून घे. डबा खाताना मी बोलून गेलो की आमच्या काकीचा फणस चार माणसांच्या कवेत मावत नाही. शेठने ऐकलं. गोड बोलून गावाचं नाव काढलं, गट नंबर काढला, आणि माझं ताक पिऊन होईपर्यंत त्याच्या मोबाईलवर तुझा सातबारा उघडला होता. त्यावर तुझं नाव आणि झाडांच्या रकान्यात लिहिलेलं, फणस, एक. झालं. टेंडरच्या कागदावर लाकूड पुरवणारी म्हणून तुझं नाव पडलं, श्रीमती शेवंती वगैरे पूर्ण. एका फणसातून ऐंशी टेबलं, ऐंशी खण, तीनशे वीस पाय. सम्यक मला म्हणाला, काकीकडे फणस आहे की ताडोबा रे? पण सरकारात कोणी पाय मोजले नाहीत. टेंडर आम्हाला लागलं.

मग समजलं की टेबलं बघायला कोणी मॅडम येणार. फणसाचं लाकूड पिवळं, आमचं उकडलेल्या बटाट्यासारखं. शेठने डोकं चालवलं आणि हळद आणली. पाच किलो. किराणावाल्याने विचारलं लग्न कोणाचं, तर शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आणि सम्यक दोन दिवस फळ्यांना हळद चोळत होतो. वर हलकं पॉलिश मारायचं होतं ते अर्ध्याच टेबलांना पुरलं. वडापाव घ्यायला बाहेर पडलो तर तिघांनी अभिनंदन केलं, एका म्हातारीने मुलगी कुठली विचारलं (मी कणकवलीची म्हणालो, उगाच गप्प राहणं बरं दिसत नाही). सम्यकने सांगितलं की पूर्वी भिक्खूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवायचे, म्हणजे लाकूड कापडाला रंग द्यायचं, आणि अडीच हजार वर्षांत लाकडालाच फणसाचा रंग देणारे आपण पहिले. तो हसत होता, पण त्याला ते आवडलेलं नव्हतं. मला पण नव्हतं. पण चोळत होतो.

मॅडम आल्या. अक्षता मॅडम. वय माझ्याएवढंच, आणि बोलण्यावरून बाई कणकवलीकडच्या निघाल्या. (म्हातारीला थाप मारताना देवाने ऐकलं असणार.) फणसाच्या लाकडाच्या दारचौकटीला टेकून मोठी झालेली बाई. तिने टेबलावर तळहात ठेवला, उचलला, बघितला. पिवळाधमक.

शेठ म्हणाला, "नवीन लाकूड आहे मॅडम. कोवळं. थोडा रंग सोडतं."

"कोवळं?" मॅडम म्हणाल्या. "टेबल करताय की भाजी?"

मग तिने साबण मागितला. काकी, पुढचं तुला सांगायला नको, हळदीच्या डागावर साबण लागला की काय होतं ते तू माझ्या शाळेच्या शर्टावर शंभरदा बघितलंयस. टेबल लालभडक झालं. शेठ त्या टेबलाकडे असा बघत होता जसं टेबलानेच त्याला फसवलंय. आणि मग तो जे बोलला त्यासाठी हे पत्र. तो म्हणाला, आम्ही फक्त रंधा मारतो, लाकूड आलं तसं वापरलं, फसवलं असेल तर त्या शेवंतीबाईने, गावची माणसं आजकाल फार बेरकी झालीत. मॅडमने पेन काढून तुझं नाव लिहायला घेतलं. नोटीस तुला. तू बेरकी.

मी दोन दिवस हळद चोळताना गप्प होतो, सगळा जन्म गप्प राहिलो असतो. पण तुझं नाव त्या बाईच्या पेनाखाली बघितलं आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "ते नाव खोडा. माझ्या काकीचा फणस तिच्या घरामागच्या परड्यात उभा आहे, त्याचं पानसुद्धा तुटलेलं नाही. हळद मी चोळलीय, ह्या हातांनी." आणि हात दाखवले. शेठ म्हणाला उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबतंय कोण. तिथेच उभ्या-उभ्या मॅडमना सगळं लिहून दिलं. ऐंशी टेबलं नापास झाली, शेठ दोन दिवस फोनवर मला काय-काय म्हणतोय ते पत्रात लिहिता येत नाही, आणि मी सम्यकच्या घरी आहे, त्याची आई मला रोज जास्तीची भाकरी वाढते. मला काडीचा पश्चात्ताप नाही. सरकारने आपलं लाकूड मागितलं, ही गोष्ट चांगलीच आहे. पण आपलं म्हणजे आपलं, हळद लावलेलं नव्हे. हे मी कोणासमोरही बोलेन, आणि मान खाली घालणार नाही.

थोरांना नमस्कार, म्हशीला थाप, आणि गुडघ्याला तेल लाव. एक लहानसं काम आहे, ते खाली लिहितो.

तुझाच,
नितेश

ता. क. काम असं. मॅडम म्हणाल्या, तुझं नुसतं लिहिलेलं चालणार नाही, पुरावा पाहिजे. आठ दिवसांत उभ्या फणसाचा फोटो, शेजारी तू, आणि तलाठ्याची सही. नाहीतर नोटीस तुझ्याच नावाने निघेल. शेजारच्या बाळाला फोटो काढायला सांग. पूर्ण झाड आलं पाहिजे, त्याला जरा मागे सरकायला लाव. तू ते इरकल नेस आणि तोंड हसरं ठेव, तू रागावलेली दिसलीस तर त्यांना खरंच बेरकी वाटशील.

ता. क. दोन. वर एकच चूक म्हटलं होतं, ही दुसरी. टेंडरला तुझं संमतीपत्र लागत होतं. शेठने कागद पुढे केला आणि मी तुझ्या नावापुढे माझा डावा अंगठा मारला. तू झोकात सही करतेस हे मला माहीत आहे. सही मला जमली नसती. मॅडमना दिलेल्या कागदात हे लिहायचं राहून गेलं (राहून गेलं म्हणजे लिहिलं नाही).

ता. क. तीन. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बाळाला फोन लावला, म्हटलं फोटोचं आधीच सांगून ठेवावं.  तो म्हणाला, फणस पौषातच पाडला. पावसात कौलांवर कलंडला होता, काकीने रीतसर परवानगी काढली, फळ्या कापून गोठ्यात रचल्या आणि गावाला दम भरला, नितेशला कोणी सांगायचं नाही, काम सोडून धावत येईल. काकी, काम सुटलंच. आता तुझा फणस तुटलेला, तुझं नाव कागदावर, तुझा अंगठा माझा, आणि पानसुद्धा तुटलं नाही असं सरकारला लिहून देणारा मी. हे पत्र फाडणार नाही, दोन दिवस लागलेत लिहायला. वर जिथे जिथे 'उभा' आलंय तिथे तू 'आडवा' वाच. उद्या मॅडमकडे जाऊन पुन्हा खरं सांगतो, ह्या वेळी अंगठ्यासकट, आणि परवा कुर्ल्याहून गाडी पकडतो. हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. परवानगीचा कागद काढून ठेव. फळ्या एकूण एक जाग्यावर पाहिजेत, तलाठ्यापुढे मोजून दाखवू, एक जरी कमी भरली तरी शेठ म्हणेल तीच मुलुंडला आली. बाळा हसत-हसत सांगत होता की दोन फळ्या नेऊन त्याने अंगणात बाकडं केलंय आणि आत्ता त्यावरच बसून बोलतोय. त्याला उठव. बाकडं गोठ्यात आणून ठेव, आणि मी येईपर्यंत तू त्यावरून हलू नको.