मागून चालणारा माणूस

प्रिय चष्मिस,

फोनवर मी एवढंच म्हटलं की तुझे बाबा घसरून पडलेत, गाडी पाठवते. पुढचं बोलताना मला रडू फुटलं असतं, म्हणून हे पत्र ड्रायव्हरजवळ दिलंय. गाडीतच वाच. दवाखान्याच्या दारात पोचण्याआधी वाचून व्हायला हवं.

तुझं आपोआप चालणारं खुरपणीचं यंत्र सोमवारी खऱ्या शेतात, माणसांमध्ये उतरवायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं. मैत्रिणीचं यंत्र मी तपासू नये असं साहेबांना सांगून पाहिलं, पण आमच्या चाचणी केंद्रात हे काम येणारी मी एकटीच. तू हसलीस. म्हणालीस, शाळेत माझी गणितं तपासताना कुठे दयामाया दाखवायचीस? तेव्हा चूक सापडली की आनंद व्हायचा गं. आता ती सापडूच नये असं वाटतं.

यंत्रामागे चालायला तू बाबांना ठेवलंस, हातात थांबवायचं बटण देऊन. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, घरी बसून वैतागलेला. यंत्राला ते धाकटा म्हणायचे. धाकट्यानं आज मुकाट्यानं काम केलं, धाकटा वळणावर अडखळतो, सगळं कौतुकच. चाचणीसाठी कोबीच्या सरीत आम्ही माणसाएवढा पुतळा ठेवायचो, कधी उभा, कधी खुरपायला बसलेल्या बाईसारखा. धाकटा दर वेळी हातभर अलीकडे थांबायचा. माझा जीव भांड्यात पडायचा. तुला तसं कळवलंही होतं.

मग चिखलाचा दिवस आला. चाचणी संपल्यावर पुसायला गेले, तर कॅमेऱ्याची काच आणि पुढचे सगळे सेन्सर बरबटलेले. त्याला समोरचं काही दिसणं शक्यच नव्हतं, तरी तो थांबला होता. मी बाबांकडे पाहिलं, तर ते खाली बघून बुटांचा चिखल खरवडू लागले. बटण ते दाबत होते. थांबेल की नाही अशी जरा शंका आली, की आधीच. बसलेल्या पुतळ्याला तर दर वेळी. यंत्राच्या नोंदीत थांबलं एवढंच दिसतं, कुणी थांबवलं ते दाखवायचं तुझ्याकडून राहून गेलंय. कुणाला फसवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. तुझी फजिती बघवली नसती, आणि आपण मागे असताना कुणाला काही होणार नाही, असा त्यांचा सरळ हिशोब.

मी चिडले. म्हटलं, प्रत्येक शेतात तुम्ही मागे चालणार आहात का? उद्या बटण दुसऱ्याच्या हाती देऊन पुन्हा चाचणी घेईन. ते समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

आज सकाळी ते माझ्याआधी आले. बटण शेडमधल्या टेबलावर ठेवलं, यंत्र सुरू केलं, आणि धाकटा थांबेलच या भरवशावर पुतळ्याच्या जागी स्वतः जाऊन बसले. मी फाटकातून आत येत होते तेव्हा ओरडणं ऐकलं. धावत जाऊन यंत्र बंद केलं, तोवर पाती उजव्या पायावरून गेली होती. रुग्णवाहिकेत शुद्धीवर होते. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "तिला सांग, घसरलो. नाहीतर ती त्याला पुन्हा हात लावायची नाही."

मी हो म्हटलं होतं. पण घसरलेल्या माणसाचा पाय काढावा लागत नाही, हे तुला दारातच कळलं असतं, आणि ते एखाद्या परक्या माणसाच्या तोंडून. डॉक्टर आजच गुडघ्याखालून काढायचा म्हणताहेत, तुझी सही झाली की. यंत्र शेतात उतरवायला तयार नाही, असं मी इथूनच लिहून कळवलंय. त्यावरून माझ्याशी हवं तेवढं भांड, बोलणं बंद कर, मी सोसेन. बाबा गुंगीत आहेत. मधेच डोळे उघडतात आणि एकच विचारतात, धाकटा थांबला ना? मी हो म्हणते. तू आत गेलीस की तुलाही विचारतील. काय सांगायचं ते गाडीत ठरवून ये.

तुझीच,
बाकावरची शेजारीण