साखर कमी असल्याबद्दल

मी, भैय्याजी नत्थूजी ढोबळे, वय ६४, धंदा चहाचे हॉटेल, राहणार वाढोणखेडी, जिल्हा वर्धा, दम्याखेरीज शरीराने ठीक व मनाने पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. दडपण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य मुद्दाम घातले.

१. राहते घर पत्नी सुलोचनाबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. हॉटेल, भट्टी व चार बाकडी मुलगा वासुदेव याची. समोरच्या ठाण्यातील पोलिसांना चहा चांगला द्यावा. चहाबरोबर सही देऊ नये. मी बावीस वर्षे दिली. ठाण्याचा नेहमीचा पंच मीच.

३. सन १९७९ मध्ये बंडूजी या भाजीवाल्यास मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून ठाण्यात आणले. दुसऱ्या दिवशी तो कोठडीतच मेला. 'अंगावर मारहाणीची खूण नाही' या पंचनाम्यावर माझी सही आहे. चौकशीत मी एवढेच सांगितले, की सही केली तेव्हा कागद कोरा होता. फौजदाराची बदली झाली. माझे हॉटेल आठ दिवसांत अतिक्रमण ठरवून पाडले. ते पुन्हा उभारले. त्याबद्दलचा राग वासुदेवने पुढे चालवावा.

४. चौकशीत सांगितले नाही ते असे: आदल्या दुपारी मी चहा घेऊन आत गेलो. बंडूजीला उलटे टांगले होते व फौजदार स्वतः पट्ट्याने मारत होता. त्याने हात थांबवून चहा घेतला व साखर कमी असल्याचे सांगितले. मी साखर आणून दिली.

५. अर्धा एकर मळा बंडूजीची पत्नी कुंताबाई हिला द्यावा व कलम ४ माझ्या मरणानंतर कलेक्टरकडे पाठवावे, असे योजले होते. गेल्या वर्षी तिला बोलावून वाचून दाखवले. ती म्हणाली, "मळा मले नको. अन् तुमी मेल्यावर साक्ष कोन देईन? आजच चला."

मी म्हटले, "भेव वाटते, बाई."

"मलेबी वाटते. यष्टी दहाची हाये."

सबब दहाच्या एसटीने वर्ध्याला गेलो व कलम ४ न्यायालयात शपथेवर सांगितले. मळा वासुदेवचा. कुंताबाईस काही मिळत नसल्याने ती या मृत्युपत्राची साक्षीदार होण्यास पात्र आहे.

६. त्या जबाबावरून आता फौजदारावर खटला उभा राहिला असून माझी साक्ष १२ मार्च रोजी आहे. तोपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी खबरदारी मी घेईन.

सही: भैय्याजी नत्थूजी ढोबळे

साक्षीदार:
१) अण्णाजी वानखडे, निवृत्त शिक्षक (सही)
२) कुंताबाई बंडूजी (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम वर्धा, ९ जानेवारी १९८५