कपाळावरची खूण आणि पाहुणी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकण्यावरूनच पुढची सगळी हकीकत घडली आहे, तेव्हा हा शब्द ध्यानात ठेव.) इकडे सगळे आता बरे आहेत. ‘आता’ हा शब्दही ध्यानात ठेव. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून ते ‘मी खोकत नाही, घसा साफ करतोय’ असंच म्हणतात? तू धाडलेलं पत्र पोचलं, पण उत्तराला उशीर झाला. आळस म्हणू नकोस. बोटांना सदान्‌कदा मलम, मग कागद धरायचा कसा? तू दिलेल्या कालवडीचं काय झालं ते शेवटाकडे लिहिलं आहे. शेवट आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड मला माहीत आहे, तेवढी या वेळी आवर.

आमची म्हातारी गाय गेली तेव्हा तू टेम्पोत मागे, गवताच्या पेंढ्यांवर बसून ती कालवड घेऊन आलीस, आणि ‘हिला माझ्या हातानं वाढवलीय, कुणाला देऊ नकोस’ म्हणालीस. मी शब्द दिला. तू आणलीस म्हणून आम्ही तिचं नाव पाहुणी ठेवलं. तुला ठाऊकच आहे, आपल्या वडिलांसारखी माझीही सवय आहे. गायींची धार काढून झाली की गोठ्यातल्या एका जनावराच्या मानेला कपाळ टेकवायचं आणि मनात म्हणायचं, ‘आजचा दिवस दाखवलास, उपकार झाले.’ प्रार्थनेच्या सभागृहात चार लोकांत बसलो की माझं लक्ष चपलांकडे असतं. गोठ्यात मात्र मन लागतं. पाहुणी आल्यापासून हा मान तिचा. ती उभीही छान राहते, कान हलवत, जणू तिलाच कुणी काही सांगतंय.

तर अशा भक्तीत माझ्या कपाळाच्या बरोबर मधोमध एक डाग उठला. गोल, मधे काळपट, कडेला लालसर, थोडा खरबरीत. आधी वाटलं डास चावला. मग वाटलं वय झालं. (पन्नाशी जवळ आली की माणूस कशालाही वयच म्हणतो.) पण सभागृहात निवृत्त हेडमास्तर माझ्या शेजारी बसतात, त्यांनी डाग पाहिला, डोळे मिटले आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘जमिनीला कपाळ टेकून टेकून पडतो हा घट्टा. सगळ्यांना नाही पडत.’ मी ‘अहो, तसं काही नाही’ म्हणालो. पण ताई, खरा नम्र माणूसही हेच म्हणतो, त्यामुळे माझं कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मला पहिल्या रांगेत जागा. दुकानदार दुधाचा हिशोब न तपासता मान्य करू लागला. एका बाईंनी तर लेकाच्या परीक्षेसाठी आशीर्वाद मागितला. (तो नापास झाला. पण आशीर्वाद नसता तर किती विषयांत झाला असता, असं त्या म्हणाल्या.) तुझी भावजय एवढंच म्हणाली, ‘घट्ट्याला खाज सुटते का हो?’

खाज सुटत होती, हे खरं. म्हणून औषधाच्या दुकानातून, डॉक्टरला न विचारता, एक मलम आणलं. दुकानातला म्हणाला, ‘हे सगळ्यावर चालतं.’ दोन-तीनदा लावलं आणि डाग दिसेनासा झाला. मला तर, देवाची शपथ, थोडं वाईटच वाटलं. मलम ठेवून दिलं, आणि डाग परत आला तो वाटीएवढा. हेडमास्तर म्हणाले, ‘साधना वाढलेली दिसते.’

त्याच सुमारास गल्लीतल्या न्हाव्याकडे मी दाढी-कटिंग केली. तो माणूस मोठा सज्जन, हात हलका, गप्पा जड. पण सगळ्यांच्या गळ्याभोवती एकच कापड आणि सगळ्यांच्या तोंडाला एकच टॉवेल. मग हेडमास्तरांच्या मानेवर डाग. स्वतः न्हाव्याच्या मनगटावर डाग. दुकानदाराच्या हनुवटीवर डाग, तोही माझ्यासारखाच गोल. त्यानंही दबक्या आवाजात भक्तीचं सांगायला सुरुवात केली तेव्हा तुझी भावजय म्हणाली, ‘भाऊजी, हनुवटी टेकून कुठली प्रार्थना करता?’ तिच्या कोपरापाशी तेव्हा स्वतःचा एक डाग होताच, पण तिनं तो बाहीखाली ठेवला होता.

हे असंच चाललं असतं, पण गायींना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण मुलगी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. पाहुणीच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखेसारखे गोल चट्टे होते, ते मी रोज पाहत होतो आणि गोठ्याची धूळ समजत होतो. बाईंनी ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहुणीकडे. ‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही हिला कपाळ लावता का?’ मी कौतुकानं हो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘हा नायटा आहे. हिचा तुम्हाला लागला. माझ्याकडे औषध आहे, पण ते बादलीत कालवून अंगावर ओतायचं असतं, तेव्हा तुम्ही आपले माणसांच्या डॉक्टरकडे जा.’ एवढं बोलून त्यांनी लस टोचली, आणि माझा संतपणा तिथल्या तिथे संपला.

गोष्ट गल्लीत पसरायला नायट्याहून कमी वेळ लागला. न्हाव्याच्या दुकानात सगळे जमले. न्हावी रडकुंडीला आला होता. गिऱ्हाईक आरशात त्याचं मनगट बघूनच परत जायला लागलं होतं. तो म्हणाला, ‘दादा, राग मानू नका. एक तर ती कालवड जाऊ दे, नाहीतर माझं दुकान जाईल.’ दुकानदार म्हणाला, बाजारात नेऊन विका, आजच. ताई, न्हाव्याचं खरं होतं आणि तुला दिलेला शब्दही खरा होता. मी मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ. तेव्हा दारात बूट वाजले. बाईंना तुझ्या भावजयीनं बोलावून आणलं होतं. (देव असाच बघतो. आधी बायकोला सुचवतो.)

बाई म्हणाल्या, ‘विकलीत तर रोग जाणार नाही, नुसता दुसऱ्या गल्लीत जाईल. आणि तुमच्या मानेवरचा कुठल्या बाजारात विकणार?’ हे त्या हेडमास्तरांना म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं: जनावर आणि माणसं, सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. डाग गेला तरी डॉक्टर सांगेल तोवर मलम सोडायचं नाही. टॉवेल ज्याचा त्याचा, कापडं उकळून उन्हात. पाहुणी वेगळी बांधायची, हातमोजे घालून तिला धुवायचं, खपल्या जाळायच्या, गोठ्याच्या खांबांनाही घासून औषध मारायचं, कारण लाकडात हा रोग लपून राहतो.

तेव्हापासून आमच्या गोठ्यात रोज सकाळी मोठ्या हंड्यात न्हाव्याची कापडं उकळतात. दुकानदारानं साबण दिला, पैसे घेतले नाहीत. हेडमास्तर मान वाकडी करून माझ्याबरोबर खांब घासायला आले आणि घासता घासता म्हणाले, ‘साधना ही अशी असते, बरं का.’ आणि न्हावी, ज्याचं दुकान माझ्या भक्तीनं बुडायला आलं होतं, तो स्वतः हातमोजे घालून पाहुणीला धुवायला येतो. म्हणतो, कस्टमर शांत आहे, राजकारण बोलत नाही. मी देवाला म्हटलं, मी एका जनावराच्या मानेशी उपकार मानत होतो, तू तर सगळी गल्लीच आणून उभी केलीस.

पाहुणी राहिली, ताई. डोळ्यांभोवती नवे केस येताहेत, त्यामुळे ती कायम आश्चर्यात पडल्यासारखी दिसते. न्हाव्याची खुर्ची परत भरली आहे. माझं कपाळ कोरं झालं, आणि सभागृहात परत चपलांजवळची जागा मिळाली. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद (हल्ली हमी देत नाही).

तुझा,
धाकटा

ता. क. शेवट आधी वाचत असशील तर वरचं सगळं वाच, मग खालचं.

ता. क. दुसरा. बाईंनी विचारलं, कालवड आली तेव्हापासूनच चट्टे होते का? मी आठवून पाहिलं. होते. टेम्पोतून उतरवली तेव्हा तूच म्हणालीस, ‘गवत लागलंय तोंडाला.’ आणि तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की दंडावर उष्णतेचे गोल चट्टे उठलेत, दाजींच्या मानेवरही, आणि दाजींनी दुकानातून ‘सगळ्यावर चालणारं’ मलम आणलंय. ताई, हे पत्र खरं म्हणजे त्यासाठी आहे. ते मलम टाकून दे, दोघं डॉक्टरला दाखवा, आणि गोठ्यातलं एकही जनावर तोवर कुणाला देऊ नका. दाजी म्हणतील, आमच्या गोठ्यात रोग नाही. त्यांना म्हणावं, खोकलाही नाही, तरी काढा घेताच ना. रागावू नकोस. तू पाहुणी आणली नसतीस तर आमच्या गल्लीनं अजून एकमेकांचेच टॉवेल वापरले असते.

ता. क. तिसरा. पाहुणीला हातमोज्यांशिवाय हात लावायची बाईंनी अजून मनाई केली आहे. म्हणून धार झाली की मी दावणीपलीकडे, हातभर लांब उभा राहतो आणि नुसती मान वाकवतो. परवा पाहिलं तर तीही वाकवते. (तुझी भावजय म्हणते, ती चारा शोधते.)