पिशव्यांची पिशवी

५ जानेवारी, रविवार

आले बाई एकदाची! डिलाईल रोडच्या खोलीची किल्ली बिल्डरच्या माणसाच्या हातावर ठेवली आणि बाराच्या ठोक्याला लेकाच्या घरी, इंद्रलोकात पाय टाकला. टॅक्सीवाला म्हणाला, आजी, जिवंतपणी इंद्रलोकात जाणाऱ्या तुम्हीच. हसून हसून पुरेवाट झाली. चौथा मजला, लिफ्ट, स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी. निहारने माझी खोली फिकट पिवळ्या रंगाने रंगवून घेतली आहे, तीही मला फोनवर विचारून. सून रुचिताने वरणभात आणि बटाट्याच्या काचऱ्या करून ठेवल्या होत्या. पोट भरलं आणि मनही.

या घरात आणखी एक मेंबर आहे, कुत्रा. कान लोंबते, पाठ तपकिरी, पोट पांढरं. नाव मफिन. माझ्या जिभेला ते वळेना, म्हणून मी मफ्या म्हटलं, तर पठ्ठ्या धावत आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला. रुचिता म्हणाली, "बघा आई, आम्ही घसा फोडतो तेव्हा ढिम्म. तुम्ही नाव बिघडवलंत तर लगेच हजर."

मी शाळेत दुसरीपर्यंतच. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. साखर डब्यात ओतायची, पुडीचा कागद मांडीवर सरळ करायचा आणि अक्षर अक्षर लावत बसायचं. त्यामुळे वेष्टण फेकायला माझा हात आजही धजत नाही. कागद गेले, प्लास्टिक आलं, सवय तीच राहिली. माझी पिशव्यांची पिशवी मी बरोबर आणली आहे. धुतलेल्या, वाळवलेल्या, घड्या घातलेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत. निहार म्हणाला, "आई, कपाट देऊन टाकलंस आणि हे गाठोडं घेऊन आलीस?" म्हटलं, हो, काय म्हणणं आहे? दारामागच्या खिळ्याला लटकवून टाकली.

रुचिताची एकच अट आहे. पाकीट वेफर्सचं असो की शेवेचं, रिकामं झालं की दोन्ही टोकं कात्रीने कापायची आणि मगच कचऱ्यात. मफ्या खादाड आहे, डोकं घालतो. श्वास घेतला की पाकीट तोंडाला चिकटतं, पंजाने निघत नाही, आणि पाच मिनिटांत कारभार आटोपतो. मी मान डोलावली. मनात मात्र आलं, धडधाकट पाकिटाची ही चिरफाड कशाला?

९ जानेवारी, गुरुवार

रुळले. दोघं आठला ऑफिसला जातात, मग घर माझं आणि मफ्याचं. कामाला मुर्धा गावातल्या रखमाबाई येतात. तोंडाने फटकळ, हाताने चोख. दुधाच्या पिशव्या मी धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवते, ते बघून म्हणाल्या, "आजी, भिंतीला कातडी लावल्यावानी दिसतंय गो!" मी म्हटलं, रखमाबाई, तुमची जीभ पण एकदा धुऊन वाळत घालायला हवी. दोघी हसलो.

संध्याकाळी केबिन रोडला जाऊन भाजी आणि संक्रांतीचे तीळ आणले. सहा पिशव्या मिळाल्या. पिशव्यांची पिशवी चांगली गरगरीत झाली आहे. मफ्या दुपारी तिच्याखालीच झोपतो. मी वही लिहीत बसले की त्याचा श्वास ऐकू येतो, आत बाहेर, आत बाहेर. सोबत म्हणजे काय ते या वयात कळतंय.

१५ जानेवारी, बुधवार

तीनदा हात धुतले. वास जात नाही.

दुपारी शेव डब्यात ओतली. मोठं पाकीट, आतून चंदेरी, तोंडाला दाबून बंद होणारी पट्टी. कात्री समोरच होती. पण म्हटलं, असं पाकीट धुऊन घेतलं तर वर्षभर तूरडाळ राहील. ओट्यावर ठेवलं आणि समोरच्या संजनाकडे तिळगूळ द्यायला गेले. ती हिंदीत, मी मराठीत, बोलता बोलता वीस मिनिटं गेली.

मफ्या ओट्याखाली आडवा होता. पाकीट गळ्यापर्यंत. ओढलं तर ते चिकटून राहिलं, मग चुळकन सुटलं. आतून कोमट, बुळबुळीत. केशरी फेस. नाकपुड्यांत शेवेचा चुरा. जीभ निळी पडलेली आणि तिची ओली छाप चंदेरी कागदावर. खाली सगळी घाण झाली होती. मी त्याची छाती चोळली, तोंडात फुंकर घातली. त्याच्या तोंडाची चव माझ्या तोंडात आली, तो काही आला नाही.

पुढचं लिहिताना माझी मलाच शिसारी येते. मी ते पाकीट धुतलं. उलटं केलं, साबण लावला, कोपऱ्यातला चुरा नखाने काढला आणि दोरीला चिमटा लावून वाळत घातलं. तो मागे फरशीवर पडलेला असताना. हाताला सवय, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानंतर निहारला फोन केला.

सांगितलं, झोपेत गेला.

रुचिताची अट ओठांवर आली होती. तिथेच राहिली. डिलाईल रोडची खोली आता नाही. हे घर सोडून मला घर नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

मफ्याला मुर्ध्यात रखमाबाईंचे दीर काशीनाथ यांच्या वाडीत पुरलं. रुचिता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून शेवटी एकटा तरी नव्हता हो."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पाकीट दोरीवर वाळलं होतं. घरी येऊन घडी घालायला हात लावला, तर आतून ओलं. बोटाला तार आली. साबणाची नव्हे.

१९ जानेवारी, रविवार

चार दिवस झाले, पाकीट वाळत नाही. कोरड्या फडक्याने पुसते, तासाभराने आत वाफ धरलेली असते, आरशावर तोंड धरावं तशी. पट्टी उघडली की शिळ्या तेलाचा आणि कुत्र्याच्या तोंडाचा भपकारा.

रखमाबाई आज नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हितं काय तरी सडलंय, उंदीर हाय काय बघा. ओट्याखाली, फ्रीजमागे सगळीकडे बघितलं. काहीच न्हाय, म्हणाल्या, आणि दारामागे गेल्या. पिशव्यांच्या पिशवीला हात लावून त्यांनी हात पदराला पुसला. "आजी, ही गरम कशी गो लागतंय? गाभण मांजरीच्या पोटावानी."

मी म्हटलं, खिडकीतून ऊन येतं.

तिथे ऊन येत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

पाकीट टाकून आले. खाली मोठ्या डब्यात, हाताने खोल दाबून. गाडी आली, कचरा घेऊन गेली, मी खिडकीतून बघितलं. सुटले म्हटलं.

दुपारी दुधाची पिशवी फोडली. दूध पातेल्यात ओतलं. वर पांढरे आणि तपकिरी केस तरंगत होते. गाळणीने गाळले तर गाळणीत केसांचा ओला बोळा जमला, त्याला केशरी तेल. पातेलं ओतून दिलं. मोरीच्या तोंडाशी बसून ओकले.

संध्याकाळी पिशव्यांच्या पिशवीत हात घातला, सगळ्यात वर ते. चंदेरी. ओलं.

२५ जानेवारी, शनिवार

रुचिताचं हळदीकुंकू. वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या, प्लास्टिक नको म्हणून. आलेल्या बायकांची वाणं मात्र प्लास्टिकमध्येच. एकेक पिशवी माझ्या हातात येत होती आणि आतून दमट लागत होती.

सगळ्यांसमोर रुचिताने माझा हात धरला आणि म्हणाली, मफिनला आईंनी शेवटपर्यंत सांभाळलं. बायकांचे डोळे भरून आले. एकीने तर वाकून नमस्कार केला. मी तिळाचा लाडू तोंडात टाकला, लाळेने जड झालेला. गिळला.

रखमाबाईंनी बातमी आणली. काशीनाथांच्या कुत्रीची पाच पिल्लं दीड महिन्याची झाली आहेत, एक काळं, पायाला पांढरे मोजे. निहारने हळूच विचारलं, "आई, तुला जड जाईल का गं?"

मी नको म्हटलं. दोघांना वाटलं, मला मफ्याचं दुःख आहे. संजना हिंदीत म्हणाली, पिल्लू आलं की घर भरेल.

भरलेलंच आहे घर. कशाने ते तिला काय ठाऊक.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी कवळी वाटीतून काढली. पाणी चिकट, फेसाळ. कवळी लावली तर टाळूला काही तरी पातळ चिकटलं. बोट घालून ओढलं. येतच राहिलं. वीतभर लांब, चंदेरी.

कवळी घासली. पुन्हा घासली. जेवण जात नाही. प्रत्येक घासाला तीच चव, मी फुंकर घातली होती तेव्हाची.

दुपारी घरात कोणी नव्हतं. पंखा बंद. दारामागून आवाज येत होता, चुरचुर, थांबून पुन्हा चुरचुर. जाऊन बघितलं. पिशव्यांची पिशवी आत ओढली जात होती, बाहेर फुगत होती. आत, बाहेर.

३० जानेवारी, गुरुवार

मी नको म्हटलं तरी रविवारी पिल्लू येणार, ठरलं. रुचिताने मऊ गादी आणली, तिचं प्लास्टिक माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी कापलं आणि म्हणाली, मफिनच्या वेळी आपण एवढी काळजी घेतली, तरी त्याचं हृदयच दगा देऊन गेलं.

आत्ता सांगावं म्हणून तोंड उघडलं. टाळूला काही तरी घट्ट चिकटलं. आवाज फुटेना. रुचिता पाण्याचा पेला घेऊन धावली.

पाणी प्यायले. सांगितलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तोंड मोकळं होतं, तरी सांगितलं नाही. खोटं कशाला लिहू.

२ फेब्रुवारी, रविवार

आलं. एवढंसं. पोट टम्म, पायाला पांढरे मोजे. माझ्या ओंजळीत शी केली. रुचिता म्हणाली, "नाव तुम्हीच ठेवा आई, नाही तरी तुम्ही बिघडवणारच!"

माझ्याच्याने नाव ठेववेना.

घरात सोडल्याबरोबर ते सरळ दारामागे गेलं आणि पिशव्यांच्या पिशवीखाली बसून शेपूट हलवायला लागलं. वर बघून. ओळखीचं कोणी असावं तसं.

निहार हसला. म्हणाला, मफिनची जागा बरोबर पकडली.

मी बघितलं ते त्याने बघितलं नाही. पिशवी खाली वाकली होती. खिळ्यावरून, पिल्लाच्या डोक्याकडे —

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचे अकरा.

दोघं ऑफिसला गेले. चार वेळा पिल्लाला तिथून उचललं. पाचव्यांदा गेले तर त्याचं नाक पिशवीच्या तोंडात. ओढून काढलं. नाकावर केशरी फेस. श्वास चालू आहे, देवाची कृपा.

आता पुरे झालं. मी संजनाकडे पिल्लू दिलं. म्हटलं, निहार येईपर्यंत दार उघडू नकोस, मी मागितलं तरी देऊ नकोस. ती "माँजी, माँजी" करत राहिली. मी दार लावून घेतलं.

निहार, रुचिता — मफ्या झोपेत गेला नाही. शेवेच्या पाकिटात गुदमरून गेला. मी कापलं नव्हतं. डाळ भरायला हवं होतं म्हणून. पाकीट धुतलं आणि तुमच्याशी खोटं बोलले. रुचिता, तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी बायकांचे नमस्कार घेतले. पिल्लू ठेवा. प्रेमाने वाढवा. माझी एकही पिशवी घरात ठेवू नका. प्रत्येकीची दोन्ही टोकं कापा.

दुपारचे दोन.

कात्री घेऊन बसले आहे. पिशवी खाली उतरवली. ओल्या कपड्यांएवढी जड. एकेक काढते, दोन्ही टोकं कापते. प्रत्येक कापताना आतून कोमट श्वास सुटतो, तोंडावर. केशरी पाणी मांडीवर. दुधाच्या पिशव्यांत केस. वाणाच्या पिशवीत केस. डिलाईल रोडच्या जुन्या पिशव्या, त्यांतसुद्धा —

ओकले. पुन्हा बसले.

साडेतीन.

सगळ्या कापल्या. एकच राहिलं. चंदेरी. पट्टी आतून बंद. आत काही नाही, मीच धुतलं होतं. तरी कोपऱ्यात नाकाएवढा उंचवटा. हलतोय. हुंगतोय.

कात्री लागत नाही — निसटते — बुळबुळीत —

मफ्या म्हटलं. चुकलं रे बाळा, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. पहिल्यांदाच.

पट्टी उघडली. आपोआप.

वास — हाताला चिकटलंय — डावा हात मनगटापर्यंत आत, कोमट, जीभ लागतेय — वर ओढतंय —

एवढंसं तर आहे. कुत्र्याच्या तोंडाच्या मापाचं. माझं डोकं काही त्यात मावायचं ना