रिव्हर फेरीची दुसरी चिप

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रतिमा,

तुला आशीर्वाद, अरविंदरावांना नमस्कार. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. मी मात्र एक जिना चढलो की बसतो. अंगणातली पानं यंदा तशीच पडू दिली आहेत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू ‘जाऊ दे रे दादा’ म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं.

गेल्या महिन्यात ईशान नावाचा एकजण आला होता. तिशीतला, इथेच जन्मलेला. बंद पडलेल्या जुन्या व्हिडिओ गेम कंपन्यांचा इतिहास लिहितो. आपल्या मिलपाँड कंपनीचा पत्ता त्याला कुठून लागला कोण जाणे. पाच माणसं, दोन गेम, सतरा महिन्यांत कुलूप. मी हौसेने सांगत बसलो. बिलने आणि मी नोकऱ्या सोडून लाँड्रीच्या वरची जागा कशी घेतली, स्टेट कॉलेजला तुझं एमएस संपताच मी तुला कसं बोलावून घेतलं, आणि तू एकटीने ‘रिव्हर फेरी’ हा होडीचा गेम कसा लिहिलास.

बंद का पडली, असं त्याने विचारलं. त्र्याऐंशी साली सगळेच बुडाले, दुकानांत गेमच्या कार्ट्रिजचे ढीग पडून होते, असं सांगितलं. मी नेहमी तेच सांगतो. ते खरंही आहे.

मग तळघरातला खोका त्याच्यापुढे ठेवला. त्यात एक चिप होती, वर चिठ्ठी चिकटवलेली. ईशानला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

“काका, इथे काय लिहिलंय?”

तुझं अक्षर होतं. ‘दादा, हीच पाठव.’

मी म्हटलं, काही नाही, नुसता नंबर आहे. त्याने ती चिप घरी नेऊन चालवली. चार दिवसांनी फोन आला की विकलेल्या कार्ट्रिजमध्ये सातव्या पातळीवर होडी अडकायची, तशी यात अडकत नाही, थेट काठाला लागते.

प्रतिमा, ती चिप तू मला दिलीस त्याच्या आदल्या दिवशीच मी जुनी कारखान्यात पाठवली होती. काम थांबवलं असतं तर ख्रिसमसची विक्री हुकली असती. सातव्या पातळीपर्यंत कोण जातंय, असं म्हणून मी तुझी चिप खोक्यात टाकली. पोरं तिथवर गेली. कार्ट्रिज परत येऊ लागल्या तेव्हा बिलने मला विचारलं आणि मी म्हणालो, तिची दुरुस्ती चालली नाही.

तू बिलची माफी मागितलीस. मी तिथेच उभा होतो.

मार्चमध्ये तू नागपूरला परतलीस. जन्मभर गणित शिकवलंस, पण प्रोग्रॅम पुन्हा लिहिला नाहीस. ‘ते काम माझ्या हातचं नव्हतं,’ असं एकदा तू आईला सांगत होतीस. मी शेजारी चहा पीत होतो.

आता ईशानला बोलावून कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं आहे. स्वतःहून सांगितलं असं लिहिणार होतो, पण तसं नाही. चिप चालली म्हणून सांगितलं. बिल दोन वर्षांपूर्वी गेला. त्याला सांगायचं राहूनच गेलं.

ईशानला तुझ्याशी बोलायचं आहे. नंबर मी दिलेला नाही. द्यायचा की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही.

तुझी दुरुस्ती बरोबर होती. त्रेचाळीस वर्षं हे फक्त मला माहीत होतं.

तुझा अपराधी,
दादा