चकलीचा निकाल कोणी द्यायचा

रायपूर, ब्राह्मणपारा
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अनंतकाकांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर उत्तर देतच नाही, म्हणून पत्र. आमच्या मंडळाच्या चकली स्पर्धेत मला परीक्षक नेमलं होतं. आता सचिव अच्युतरावांनी इंग्रजीत कळवलंय, की माझ्या सासूबाई स्पर्धेत आहेत, तर मी स्वतःला ‘रिक्यूज’ करावं. मी काय लबाडी केली हो? ताटल्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. पण आईंची चकली मी डोळे मिटून ओळखीन, हे खरं. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी नागपूरची पाहुणीच. सोऱ्याला हात लावू देत नाहीत. त्यात ही बदनामी झाली तर संपलंच! अर्थ लवकर कळवा.

तुमची घाबरलेली,
क्षमा

नागपूर
१० ऑक्टोबर

चि. सौ. क्षमास अनंतकाकाचे अनेक आशीर्वाद.

काहून घाबरून राहिली, पोट्टी? कोर्टात तीस वर्षं बाबूगिरी केली, हा शब्द मले पाठ आहे. एकदा आमच्या साहेबांपुढे त्यांच्याच साडूची केस आली. साहेबांनी स्वतःहून लिहून दिलं, की हा माझ्या घरचा माणूस, मी निकाल देणार नाही. फाइल दुसऱ्या साहेबांकडे गेली. याले म्हणतात रिक्यूज होणं. यात आरोप नाही की बदनामी नाही. फक्त कारण लिहावं लागते, आणि कारण हेच की समोरचं माणूस आपलं आहे. लिहून दे तसं. अन् चकल्या इकडं पाठव, माझ्या निकालाले कोणाची हरकत नाही.

लोभ आहेच, चकल्यांनी वाढेल.
अनंतकाका

रायपूर
२१ ऑक्टोबर

तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. आई नुसतं ‘हव’, म्हणजे इथलं ‘हो’, म्हणून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन मंडळात गेले, तर अच्युतराव कपाळाला हात लावून बसलेले. आईंची चिठ्ठी माझ्याआधी पोचली होती! मी परीक्षक राहावं म्हणून, सहा वर्षं पहिलं बक्षीस घेणाऱ्या बाईंनी आपलं नाव मागे घेतलं. मग काय, मीही माझी चिठ्ठी दिलीच, आणि स्पर्धेच्या दिवशी दोघी मागच्या रांगेत बसलो. पहिल्या नंबराची चकली तेल पिऊन आली आहे, असं आई माझ्या कानात म्हणाल्या आणि आमचं हसू काही आवरेना.

आईंची ती चिठ्ठी मी मागून घेतली, पाकिटात जपून ठेवलीय. कारण म्हणून एकच ओळ आहे: परीक्षक माझी मुलगी आहे. वाचून मी तिथेच रडले, काका.

काल सोऱ्या माझ्या हाती आला. सोबतच्या डब्यातल्या वाकड्या चकल्या माझ्या. खा पोटभर, पण निकाल देऊ नका. तुम्ही माझे आहात.

तुमची,
क्षमा